“रक्तातच आहे” असे म्हणण्यापूर्वी : गर्भारपणातील वजनवाढ आणि आनुवंशिकता

आपल्या रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात ताळेबंद व जमाखर्चाची पत्रके यांच्या जोडीस एखाद्या आरोग्यविषयाची माहिती देण्याचा प्रघात आहे. यंदा गर्भारपणातील वजनवाढ हा विषय निवडला, त्यास निमित्त झाले ते प्रसूतिपूर्व तपासणी विभागात एकाच सकाळी दोनदा कानी पडलेले एक वाक्य. आम्ही प्रशासनातील माणसे. वैद्यक हा आमचा अधिकार नव्हे. यास्तव पुढील मजकूर आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासून घेतला आहे, हे आरंभीच नमूद करतो.

जत तालुक्याच्या पूर्व भागातून एक सासूबाई आपल्या सुनेस घेऊन आल्या होत्या. सुनेस सहावा महिना लागलेला. वजन मात्र तिसऱ्या महिन्यातील नोंदीपेक्षा जेमतेम एका किलोने अधिक. परिचारिकेने त्याविषयी विचारताच सासूबाई म्हणाल्या, “आमच्यातल्या बायका अशाच बघा, बाई. हाडं चिवट, पण अंगाला मांस न्हाई. रगतातच हाय ते.” त्याच बाकावर वाळवा तालुक्यातील माय-लेकी बसल्या होत्या. लेक बाळंतपणासाठी माहेरी आलेली आणि सातव्या महिन्यातच तिचे वजन चौदा किलोंनी वाढलेले. तिच्या आईने हसत सांगितले, “माझंही असंच झालं होतं, सिस्टर. आमच्याकडं हे रक्तातच आहे.”

एक कृश, एक स्थूल. कारण मात्र दोघींचे एकच. आणि दोन्ही ठिकाणी ते कारण सांगितले गेले ते पुढचा प्रश्न कोणी विचारू नये म्हणून. ‘रक्तात आहे’ म्हटले की आहाराविषयी, कामाविषयी, साखरेच्या तपासणीविषयी बोलण्याचे दार आपोआप लोटले जाते. हे वाक्य खरे आहे काय, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे वाटले. ते अंशतः खरे आहे. तो अंश किती, हे सांगण्यासाठी हा लेख.

वाढते ते काय?

गर्भवतीचे वजन साडेबारा किलोंनी वाढले असे धरले, तर त्याची फोड वैद्यकीय ग्रंथांत साधारणपणे अशी दिलेली असते : बाळ सुमारे ३.४ किलो, वार पाऊण किलोच्या आत, गर्भजल सुमारे ८०० ग्रॅम, वाढलेले गर्भाशय सुमारे एक किलो, स्तनांची वाढ सुमारे ४०० ग्रॅम, मातेच्या अंगी वाढलेले रक्त सुमारे दीड किलो, शरीरातील अन्य द्रव तितकेच, आणि उरलेली सुमारे सव्वातीन किलो चरबी. ही चरबी म्हणजे निसर्गाने स्तनपानाच्या दिवसांसाठी बाजूस काढून ठेवलेला राखीव निधीच होय. तात्पर्य, ‘वजन वाढले’ हा एक आकडा असला तरी त्याच्या पोटात आठ खाती आहेत, आणि प्रत्येक खात्यावर आनुवंशिकतेचा प्रभाव सारखा नाही.

वाढ किती व्हावी, हे आरंभीच्या शिलकेवर ठरते. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेने २००९ साली दिलेल्या मर्यादा जगभर संदर्भासाठी वापरल्या जातात. उंचीच्या मानाने वजन किती, हे दाखविणारा बीएमआय हा निर्देशांक गर्भधारणेपूर्वी १८.५ पेक्षा कमी असल्यास १२.५ ते १८ किलो; १८.५ ते २५ असल्यास ११.५ ते १६ किलो. २५ ते ३० असल्यास ७ ते ११.५ किलो, आणि ३० वा त्याहून अधिक असल्यास ५ ते ९ किलो. हे आकडे अमेरिकन स्त्रियांवरून काढलेले असल्याने आमचे तज्ज्ञ त्यांस दिशादर्शक मानतात, काटेकोर नियम मानत नाहीत. त्यांतील तत्त्व मात्र सर्वत्र लागू आहे. कृश स्त्रीने अधिक वाढावे, स्थूल स्त्रीने कमी. आपल्या बाकावरील दोघींच्या बाबतीत घडत होते ते नेमके याच्या उलट.

बियाणे आणि पाणी

गर्भारपणातील वजनवाढ किती आनुवंशिक असते, याचा शोध घेण्याची एक जुनी रीत म्हणजे जुळ्या बहिणींची तुलना. एकाच बीजापासून झालेल्या जुळ्यांची जनुके सारखी असतात. दोन स्वतंत्र बीजांपासून झालेल्या जुळ्यांत ती सख्ख्या बहिणींइतकीच जुळतात. पहिल्या प्रकारच्या बहिणींची वजनवाढ दुसऱ्या प्रकारापेक्षा अधिक मिळतीजुळती निघाली, तर तेवढा भाग जनुकांच्या खाती जमा करता येतो. स्वीडनमधील सरकारी नोंदवहीवरून केलेला असा एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात पहिल्या गर्भारपणातील वजनवाढीच्या फरकापैकी सुमारे ४३ टक्के भाग जनुकांमुळे असल्याचे आढळले, आणि दुसऱ्या गर्भारपणात तो २६ टक्क्यांवर आला.

येथे आकडेमोडीची सवय असलेल्या आमच्यासारख्यांकडूनच एक चूक होते. ४३ टक्के म्हणजे दहा किलो वाढीपैकी ४ किलो ३०० ग्रॅम ‘रक्तातून’ आले, असा अर्थ आम्हीही प्रथम लावला होता. तो चुकीचा आहे. हे प्रमाण एका स्त्रीच्या वजनाचे नसून अनेक स्त्रियांमध्ये दिसणाऱ्या फरकाचे आहे. शेतकरी कुटुंबांना हे आमच्याहून लवकर उमगेल. एका वावरात ज्वारीचे मिश्र बियाणे पेरले आणि सबंध वावरास सारखे पाणी, सारखे खत मिळाले, तर ताटांच्या उंचीत जो फरक दिसेल तो बियाण्याचा. तेच बियाणे अशा रानात पेरले की ज्याचा एक तुकडा विहिरीलगत आणि दुसरा माळावर आहे, तर फरक दिसेल तो मुख्यत्वे पाण्याचा. बियाणे बदललेले नाही. त्याचा ‘टक्का’ मात्र घसरला. स्वीडनमध्ये बहुतेक सर्व गर्भवतींच्या ताटात पुरेसे असते, म्हणून तेथे जनुके उठून दिसतात. एका बाजूस कृष्णाकाठचा ऊस आणि दुसऱ्या बाजूस माण, खटाव, आटपाडी, जतचा माळ असलेल्या आपल्या दोन जिल्ह्यांत हाच अभ्यास केला, तर जनुकांचा टक्का तेवढाच येईल असे गृहीत धरण्यास कोणताही आधार नाही. स्वीडनमध्येसुद्धा त्याच स्त्रिया, तीच जनुके, आणि दुसऱ्या खेपेस टक्का बराच उतरला, ही गोष्ट बोलकी आहे.

जुळ्यांवरून अंदाज करण्याऐवजी प्रत्यक्ष जनुके तपासण्याचे कामही झाले आहे. २०१८ साली अनेक देशांतील संशोधकांनी मिळून दहा हजारांहून अधिक मातांची व त्याहून अधिक अपत्यांची जनुकीय तपासणी प्रसिद्ध केली. मातेच्या सर्वसामान्य जनुकीय भेदांनी वजनवाढीतील सुमारे २० टक्के फरकाचा उलगडा होतो, आणि बाळाच्या जनुकांचा वाटा त्या मानाने अत्यल्प आहे, असा त्यांचा निष्कर्ष. वजनवाढ ठरविणारे असे एकही जनुक मात्र त्यांस निर्विवादपणे बोट ठेवून दाखविता आले नाही. हा वाटा असंख्य लहान लहान भेदांत विखुरलेला आहे. शिवाय त्या माता युरोपीय वंशाच्या होत्या, हेही ध्यानी ठेवावयास हवे.

एकच जनुक मोठा परिणाम घडवते अशी उदाहरणे नाहीत असे नव्हे. एक तर आपल्या जिल्ह्यातलेच आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालमधील सुंदरबनच्या गारोळ मेंढीत असलेले एक जनुक आपल्याकडच्या दख्खनी मेंढीत आणले. त्या जनुकाची एक प्रत असली तरी मेंढीस जुळी होण्याचे प्रमाण ठळकपणे वाढते. रक्तात असणे म्हणतात ते हे! तरीही जुळ्यांची मेंढी गाभण असताना तिला जादा खुराक द्यावा लागतो, हे कोणाही मेंढपाळास सांगावे लागत नाही. मेंढीबाबत जे आपण जाणतो ते सुनेबाबत विसरतो, असे म्हणण्याचा मोह होतो. पण ते असो.

भूक आणि ओकारी

वजनाशी संबंध असलेल्या जनुकांपैकी ‘एफटीओ’ या जनुकाचा सर्वाधिक बोलबाला आहे. २००७ साली ब्रिटनमधील संशोधकांनी त्याचा लठ्ठपणाशी असलेला संबंध दाखवून दिला. या जनुकाचा विशिष्ट प्रकार आई व वडील या दोघांकडून मिळालेल्या व्यक्तीचे वजन तो अजिबात न मिळालेल्या व्यक्तीपेक्षा सरासरीने सुमारे तीन किलोंनी अधिक असते. त्याचे काम प्रामुख्याने भुकेशी निगडित असल्याचे दिसते. पोट भरल्याची जाणीव काहींना उशिरा होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने आपल्या लोकांत या जनुकाचा मधुमेहाशीही दाट संबंध असल्याचे २००९ साली दाखविले. वाळव्याच्या लेकीस कोणी ‘खादाड’ म्हणू नये, एवढे तरी यातून शिकावयास हवे. पण तीन किलो म्हणजे चौदा किलो नव्हेत.

जनुकशास्त्राने खरा दिलासा दिला आहे तो दुसऱ्याच एका बाजूने. काही गर्भवतींना उलट्यांचा त्रास इतका होतो की वजन वाढण्याऐवजी घटते आणि सलाइन लावण्याची वेळ येते. अशा मुलींना घरात ‘नाजूक’, ‘नाटकी’ अशी विशेषणे मिळताना आम्ही प्रसूती कक्षाबाहेर वारंवार ऐकले आहे. २०१८ साली झालेल्या जनुकीय अभ्यासात या तीव्र उलट्यांचा संबंध ‘जीडीएफ १५’ या संप्रेरकाच्या जनुकाशी आढळला, आणि डिसेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने त्याची कार्यपद्धती पुढे आणली. हे संप्रेरक गर्भ व वार यांच्याकडून मातेच्या रक्तात मोठ्या प्रमाणावर येते. गर्भधारणेपूर्वी जिच्या रक्तात ते मुळातच कमी असते, तिच्या शरीरास त्याची सवय नसते आणि तिला त्रास अधिक होतो. येथे ‘रक्तातच आहे’ हे वाक्य अगदी यथार्थ ठरते, आणि ते उच्चारल्यावर त्या मुलीस टोमणे न मारता दवाखान्यात आणावे, हेच त्यातून निघते.

पुण्याजवळची सहा गावे

आपल्याच भाषेच्या, आपल्यासारख्याच कोरडवाहू मुलखातल्या स्त्रियांविषयी काही ठाऊक आहे काय, असा प्रश्न विश्वस्त मंडळाच्या एका सभेत विचारला गेला होता. ठाऊक आहे, आणि बरेच आहे. १९९३ साली डॉ. याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत एक दीर्घ अभ्यास सुरू केला. गर्भ राहिल्यावर नव्हे, तर त्याच्या आधीपासून गावातील विवाहित स्त्रियांची नियमित मोजमापे घेण्यात आली आणि पुढे त्यांच्या मुलांचाही मागोवा घेतला गेला. या मातांचे गर्भधारणेपूर्वीचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो होते. बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे साडेतीन किलो.

यात नवल नव्हते. नवल पुढे निघाले. पुण्याकडच्या बाळाचे स्नायू आणि पोटातील अवयव इंग्लंडच्या बाळाच्या मानाने बरेच लहान होते. पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी फारशी कमी नव्हती. दिसावयास किरकोळ आणि तरी अंगात चरबी, असे हे बाळ. पुढील आयुष्यात मधुमेहाकडे झुकण्याची पायाभरणी पोटातच होते, असे या संशोधकांचे प्रतिपादन आहे. यात पिढ्यान्‌पिढ्यांच्या जनुकांचा वाटा असू शकेल. मातेच्या पोषणाचाही आहे. त्याच अभ्यासातील सुमारे दोन-तृतीयांश मातांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी आढळले. ज्या मातांमध्ये ब-१२ कमी आणि फोलेट अधिक होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनचा परिणाम मंदावल्याची लक्षणे सर्वाधिक दिसली. जनुके तीच राहिली तरी ती किती बोलावीत आणि किती गप्प राहावीत, यावर मातेच्या आहारातील अशा घटकांचा प्रभाव पडतो, असे आता मानले जाते.

देणगीदारांच्या दृष्टीने आम्हांस सर्वांत मोलाचा वाटला तो आहाराविषयीचा निष्कर्ष. याच गावांतील मातांच्या आहाराचा अभ्यास डॉ. शोभा राव व सहकाऱ्यांनी २००१ साली प्रसिद्ध केला. एकूण उष्मांक वा प्रथिने किती पोटात गेली, याच्याशी बाळाच्या आकाराचा ठळक संबंध लागला नाही. तो लागला दूध, हिरव्या पालेभाज्या आणि फळे यांच्याशी. म्हणजे भाकरीची चवड वाढवून काटा हलेलही, पण बाळास जे हवे ते मिळेलच असे नाही. पुढील एका लेखात त्यांनी असेही दाखविले की पाणी वाहणे, शेतातील कष्ट अशा श्रमांचा भार जिच्यावर अधिक, तिचे बाळ लहान. हंड्याचे वजन कोणत्याही जनुकात लिहिलेले नसते.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये डॉ. रमेश पोतदार यांच्या पुढाकाराने २००६ ते २०१२ या काळात याचीच कसोटी घेण्यात आली. पालेभाजी, फळे व दूध घालून केलेला एक खाऊ स्त्रियांना गर्भधारणेपूर्वीपासून रोज देण्यात आला. बाळांच्या सरासरी वजनात सरसकट पाहता मोठा फरक पडला नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. मात्र गर्भारपणातील मधुमेहाचे प्रमाण साध्या खाऊच्या गटात १२.४ टक्के, तर या खाऊच्या गटात ७.३ टक्के निघाले. काट्यावर न दिसणारा लाभ तो असा.

आपण काय केले

गर्भवतींची जनुकीय चाचणी करून वजनवाढीचे ‘भाकीत’ देण्याचा एक प्रस्ताव मध्यंतरी आमच्यापुढे आला होता. माहितीपत्रक देखणे होते. वर दिलेली माहिती वाचल्यावर, जे जनुक जगातील शास्त्रज्ञांना बोट ठेवून दाखविता आले नाही त्याच्या नावे रुग्णाकडून पैसे घेणे विश्वस्तांस उचित वाटले नाही. प्रस्ताव नाकारण्यात आला. तो निर्णय लांबणीवर टाकला असता तर बरे झाले असते, असे एका सदस्याचे मत होते व ते इतिवृत्तात नोंदलेले आहे.

त्याऐवजी आमचे लक्ष गेले ते आमच्याच उणिवेकडे. जुने केसपेपर चाळले असता वजनाचे रकाने ठिकठिकाणी कोरे आढळले, आणि विभागातील दोन काटे एकाच स्त्रीचे वजन वेगवेगळे दाखवीत होते. जनुकांच्या गोष्टी करणाऱ्या रुग्णालयास ही बाब शोभणारी नव्हती. काटे बदलले, उंची मोजण्याची पट्टी भिंतीस लावली, आणि प्रत्येक भेटीस वजन लिहिल्याशिवाय केसपेपर डॉक्टरांच्या टेबलावर जाऊ नये, असा दंडक घातला. शासनाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे प्रत्येक गर्भवतीस ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर तपासण्यात येते. ती १४० वा अधिक आल्यास पुढील उपचार सुरू होतात. या चाचणीस लागणारा खर्च साधारण निधीतून भागविला जातो.

वाळव्याच्या लेकीची साखर १४० च्या वर आली. आईने मग सांगितले की आपल्यालाही चाळिशीतच मधुमेह निघाला आहे. रक्तात होते ते खरोखरच होते. फक्त ते ऐकून स्वस्थ बसावयाचे नव्हते, तपासणी लवकर करावयाची होती. आहारतज्ज्ञांनी जेवणाची वाटणी बदलून दिली, पुढे इन्सुलिनही लागले, आणि बाळंतपण सुखरूप झाले.

जतच्या सुनेशी परिचारिका एकटीने बोलली तेव्हा निराळेच निघाले. बाळ मोठे झाले तर अडेल, या भीतीने ती स्वतःच अर्ध्या भाकरीवर उठत होती. शिवाय घरात ती शेवटी जेवणारी. भाजी उरली तर उरली. हिमोग्लोबिनही उतरलेले होते. सासूबाईंना वजनाचा तक्ता दाखवून समजावल्यावर त्यांनी फारसा वाद घातला नाही. “आमच्या येळंला कुणी इचारलंच न्हाई,” एवढेच त्या म्हणाल्या. पुढील तीन महिन्यांत सुनेचे वजन सहा किलोंनी वाढले. बाळ अडीच किलोंच्या किंचित वर भरले.

एक अडचण अद्याप सुटलेली नाही. वजन किती वाढले हे कळण्यासाठी ते आधी किती होते हे कळावे लागते, आणि आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक स्त्रियांना ते ठाऊक नसते. कित्येक जणी चौथ्या-पाचव्या महिन्यात प्रथम येतात. पुण्याजवळच्या त्या सहा गावांत ही मोजमापे आधीच घेतलेली होती, म्हणून तो अभ्यास होऊ शकला. यास्तव नवविवाहित मुलींचे वजन, उंची व हिमोग्लोबिन विनामूल्य नोंदवून तसे कार्ड देण्याची सोय बाह्यरुग्ण विभागात करण्यात आली आहे. रुग्णांच्या नातेवाइकांनी घरातील सुना-लेकींना त्यासाठी आणावे, आणि पुढे तपासणीस येताना ते कार्ड बरोबर ठेवावे, ही विनंती. कार्ड हरवल्यास क्रमांकावरून नवीन करून मिळते.